फॉर लूप आणि सिरसाळ्याचे सातबारे

सेकंड इयरच्या व्हायवाला एक प्रश्न ठरलेला असतो. "ऑब्जेक्टच्या लिस्टवर लूप कसा लावाल?" आपलं उत्तरही ठरलेलं. आय बरोबर शून्य, आय साइझपेक्षा लहान, आय प्लस प्लस! एक्स्टर्नल मान हलवतात आणि पुढच्या रोल नंबरकडे वळतात. उत्तर चूक नसतंच. पण ते सी भाषेतलं उत्तर आहे. फर्स्ट इयरला ॲरे शिकलो, तिथून हा आय आपल्या बोटाला धरून आला तो अजून सुटलेला नाही.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत लूप लावणं म्हणजे नुसतं मोजणं नव्हे. तिथे तीन वेगळे प्रश्न असतात. पुढचा कोण, हे कुणी ठरवायचं? पुढे आलेल्याने काय करायचं, हे कुणाला माहीत असायला हवं? आणि फिरता फिरता यादीच बदलली तर कोण सुटलं, हे कुणी बघायचं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नीट दिलेली आहेत. तिसऱ्याकडे मात्र आपण कंपायलर एरर देत नाही म्हणून दुर्लक्ष करतो. माझ्या मते तिन्हीत तोच सगळ्यात महागडा प्रश्न आहे.

एक सूचना आधीच देते. मराठी विभागाचा मान राखून कोडही देवनागरीत लिहिलाय. गंमत म्हणजे जावामध्ये क्लासचं किंवा व्हेरिएबलचं नाव खरोखरच देवनागरीत चालतं, कारण ती भाषा युनिकोड अक्षरं मानते. पण फॉर, इफ, न्यू वगैरे कीवर्ड मात्र रोमनमध्येच हवेत. त्यामुळे खालच्या ओळी लॅबमध्ये जशाच्या तशा टाईप करू नका, कंपायलर रुसेल!

आधी सातबारा

पुस्तकातलं उदाहरण नेहमी स्टुडंट नाहीतर एम्प्लॉयी असतं. मी सातबारा घेते. सिटीतल्या मित्रांनी हा शब्द फक्त "सातबारा कोरा करा" या घोषणेत ऐकलेला असतो. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे लँड रेकॉर्ड हा शब्द आधी आला आणि सातबारा नंतर, तोही आजोळी. माझं आजोळ सिरसाळा. बीड जिल्हा, परळी तालुका. वैजनाथाच्या आणि औष्णिक वीज केंद्राच्या परळीहून तेलगावच्या रस्त्याने निघालं की हे गाव लागतं.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. सातमध्ये जमीन कुणाची, क्षेत्र किती, कुणाचा हक्क किंवा बोजा आहे ते लिहिलेलं असतं. बारामध्ये त्या जमिनीत कोणत्या हंगामात कोणतं पीक होतं ते. आता हे आपल्या भाषेत बघा. गट नंबर, क्षेत्र, खातेदार, पीक हा झाला डेटा. फेरफार करणं, पीक नोंदवणं, बोजा चढवणं-उतरवणं या झाल्या मेथड. डेटा आणि त्यावर चालणारे नियम एकाच कागदाला बांधलेले. म्हणजे सातबारा हा चक्क ऑब्जेक्ट आहे, आणि गाव हे अशा ऑब्जेक्टचं कलेक्शन.

या कलेक्शनवर दर हंगामात एक लूप चालायचा, त्याला पीक पाहणी म्हणतात. तलाठी शिवारात फिरून कोणत्या गटात काय पेरलंय ते बघायचा आणि नमुना बारात लिहायचा. (२०२४ पासून तलाठ्याला सरकारी कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावाच्या तोंडी तो अजून तलाठीच आहे.) ही नोंद म्हणजे नुसता सरकारी सोपस्कार नाही. पीक कर्ज, पीक विमा, हमीभावाने खरेदी, अतिवृष्टीची मदत, कुठेही गेलात तरी सातबाऱ्यावर पीक काय लागलंय ते विचारतात. शेतात कापूस उभा आणि बाराव्या नमुन्यात रकाना रिकामा, अशी वेळ आली तर कागद खरा धरला जातो आणि कापूस खोटा पडतो. म्हणून या लूपमधून एखादा गट सुटणं म्हणजे एका घराचं वर्ष सुटणं.

आयचं काय चुकतं?

समजा गावातले गट ११, १२, १३, १४, १५ असे आहेत. हे आकडे उदाहरणापुरते हं, सिरसाळ्यात कुणाचे असतील तर योगायोग समजावा! आय एकने वाढवत गेलं की काम झालं, असं वाटतं. पण प्रत्यक्षात भावाभावांत वाटणी होते आणि बाराचे पोटहिस्से पडतात. १२/१, १२/२, १२/३. आता बारानंतर तेरा येत नाही, मध्ये तिघं जण उभे असतात. बाराच्या पुढे कोण, हे आयला कळत नाही. ते गावाच्या दप्तरालाच माहीत असतं.

कॉम्प्युटरच्या आतही असंच होतं. ॲरेलिस्टमध्ये ऑब्जेक्टचे पत्ते एका रांगेत ठेवलेले असतात, त्यामुळे पाचशेवा मागितला की थेट मिळतो. लिंक्ड लिस्टमध्ये तसं नसतं. तिथे प्रत्येक नोड फक्त शेजाऱ्याला ओळखतो. पाचशेव्याकडे जायचं तर पहिल्यापासून विचारत विचारत जावं लागतं. आता अशा साध्या लिस्टमध्ये १००० नोड आहेत आणि तुम्ही दर वेळी गेट(आय) म्हणताय. पहिल्यासाठी शून्य पावलं, दुसऱ्यासाठी एक, शेवटच्यासाठी ९९९. बेरीज करा, ४,९९,५०० पावलं! जावाची लिंक्ड लिस्ट जवळच्या टोकाकडून चालायला लागते, म्हणून हा आकडा साधारण निम्मा होतो. पण शेजाऱ्याचा हात धरून सरळ चालत गेलं असतं तर जेमतेम हजार पावलांत काम झालं असतं. हे म्हणजे तलाठ्याने प्रत्येक शेत झालं की पुन्हा चावडीवर यायचं आणि तिथून पुढच्या शेताला निघायचं, असं झालं.

आणि सेट असेल तर? हॅशसेटला तिसरा कोण असं विचारताच येत नाही. तिथे पहिला-दुसरा हा प्रकारच नाही. म्हणजे आय हा लूपचा आत्मा नाहीच, ती ॲरेची सवय आहे.

बोट आणि माळ

मग उपाय काय? आजी जपमाळ ओढताना बघा. माळेत १०८ मणी असतात, शिवाय एक मेरुमणी. आजी कधी सत्तेचाळिसावा मणी शोधत नाही. तिला दोनच गोष्टी कळाव्या लागतात. पुढे मणी आहे का? असेल तर तो बोटाखाली घे. मेरुमणी लागला की फेरी संपली. आकडा कुठेच नाही.

हे बोट म्हणजे इटरेटर! त्याच्या मुख्य मेथड दोनच. हॅजनेक्स्ट, म्हणजे पुढे कुणी आहे का. आणि नेक्स्ट, म्हणजे पुढचा हातात दे आणि एक पाऊल सरक. कलेक्शन आतून ॲरे आहे, लिंक्ड लिस्ट आहे, ट्री आहे की सेट, याच्याशी बाहेरच्याला देणंघेणं नाही. कलेक्शनकडे इटरेटर मागायचा आणि चालू पडायचं. पुढचा कोण, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते कलेक्शनने ठरवायचं, लूप लिहिणाऱ्याने नाही.

इथे एक शंका हमखास येते. बोट वेगळं कशाला? गावाच्या क्लासमध्येच 'सध्या कितव्यावर' असं एक व्हेरिएबल ठेवलं तर? ठेवून बघा. समजा कोणत्या दोन शेतांचा बांध सामाईक आहे हे शोधायचंय. प्रत्येक गट घ्यायचा आणि तो बाकी प्रत्येक गटाशी ताडून बघायचा. म्हणजे लूपमध्ये लूप. खूण एकच असेल तर आतला लूप ती शेवटपर्यंत ढकलून ठेवतो आणि बाहेरचा लूप पहिल्याच गटानंतर म्हणतो, संपलं की! एकाच दप्तरात दोघांना काम करायचं तर दोन खुणेच्या चिठ्ठ्या हव्यात. म्हणून दर वेळी नवा इटरेटर.

याचा आणखी एक फायदा आहे. त्याच गावात गाव नमुना आठ-अ नावाचा उतारा असतो. सातबारा गटवार असतो, आठ-अ खातेवार. जमिनी त्याच, पण फिरण्याचा क्रम वेगळा. एका खातेदाराचे गाव शिवारात विखुरलेले सगळे तुकडे एकाखाली एक. म्हणजे आपल्या महसूल खात्याने एकाच कलेक्शनला दोन इटरेटर दिलेत. एक गटाच्या क्रमाने फिरतो, दुसरा माणसाच्या.

हे आलं कुठून?

क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून आल्या. फिरण्याचं काम वेगळं काढून त्याला भाषेतच जागा देण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात बार्बरा लिस्कोव्ह यांना जातं. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सीएलयू नावाची भाषा केली, तिच्यात इटरेटर होता. लिस्कोव्ह यांना २००८ चं ट्युरिंग ॲवॉर्ड मिळालं. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा, व्हायवाला उपयोगी पडेल आणि एरवीही!

पुढे १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचं डिझाइन पॅटर्न्स हे पुस्तक आलं. त्यातल्या २३ पॅटर्नपैकी एक इटरेटर. जावात १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत एन्युमरेशन होतं, १९९८ मध्ये जावा १.२ सोबत कलेक्शन्स फ्रेमवर्क आणि इटरेटर आले, आणि २००४ मध्ये जावा ५ ने तो सुटसुटीत लूप दिला ज्याला आपण फॉर-ईच म्हणतो. सी शार्पमध्ये तो २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच होता.

फॉर (सातबारा स : गाव) {
    स.पीकनोंदव();
}

वाचायचं असं, "गावातल्या प्रत्येक सातबारा स साठी." दिसायला जादू, पण कंपायलर मागच्या दाराने तेच जुनं करतो. गावाकडून इटरेटर मागतो, हॅजनेक्स्ट विचारतो, नेक्स्ट घेतो. तुमच्या स्वतःच्या क्लासवर असा लूप चालवायचा असेल तर त्या क्लासने इटरेबल हा इंटरफेस इम्प्लिमेंट करायचा, म्हणजे मागितल्यावर इटरेटर देईन असं वचन द्यायचं. बस्स!

जाता जाता एक ठरलेला खड्डा सांगते. लूपमधला स हा सातबारा नव्हे, ती सातबाऱ्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे. स.पीकनोंदव() म्हटलं तर चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जाऊन खऱ्या सातबाऱ्यात नोंद होते. पण स = न्यू सातबारा() म्हटलं तर फक्त तुमच्या हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडला जातो. गावात काही बदलत नाही. "सर, लूपमध्ये व्हॅल्यू बदलली तरी लिस्ट तशीच का?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

प्रत्येक मण्याची वेगळी प्रार्थना

आता दुसरा प्रश्न. पुढे आलेल्याने काय करायचं, हे कुणाला माहीत असावं?

शाळेत आमच्या सिस्टरांच्या हातात रोझरी असायची. नेहमीच्या पाच दशकांच्या रोझरीत ५९ मणी असतात. ५३ मण्यांवर हेल मेरी म्हणतात आणि ६ मण्यांवर अवर फादर. अंधारातही चूक होत नाही, कारण मणी हाताला लागला की कोणती प्रार्थना म्हणायची ते मणीच सांगतो. मोजून लक्षात ठेवावं लागत नाही.

सातबाऱ्यांचंही तसंच असतं. कुठे हंगामी पीक, म्हणजे सोयाबीन, तूर, कापूस. कुठे फळबाग, तिथे दर हंगामात पेरणी नसते, झाडं मोजायची. कुठे जमीन पडच. आपली पहिली सवय काय? लूपमध्ये इफची शिडी लावायची. हा फळबाग प्रकारचा असेल तर असं कर, नाहीतर पड असेल तर तसं कर, नाहीतर... आणि उद्या शेडनेटचा नवा प्रकार आला की अशी शिडी जिथे जिथे लावली असेल तिथे तिथे जाऊन एक पायरी वाढवायची. दहापैकी नऊ ठिकाणी वाढवली आणि एक राहिली, तर त्या एका ठिकाणी शेडनेटवाले शेतकरी कोणत्याच इफमध्ये बसत नाहीत. एरर येत नाही. नुसते सुटतात.

म्हणून पीकनोंदव() ही मेथड मूळ सातबारा क्लासमध्ये जाहीर करायची आणि प्रत्येक सबक्लासने ती आपल्या पद्धतीने लिहायची. लूप तीनच ओळींचा राहतो. तो प्रत्येकाला एकच निरोप देतो आणि जो तो आपापल्या रीतीने तो पाळतो. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात. मूळ मेथड ॲबस्ट्रॅक्ट ठेवली तर आणखी बरं. मग नवा प्रकार लिहिणाऱ्याने ती विसरायची म्हटली तरी कंपायलर विसरू देत नाही. सुटणारा माणूस प्रोग्राम चालायच्या आधीच सापडतो.

मेसची लाइन आणि सुटलेले दोघे

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

समजा नोंद राहिलेल्या गटांची यादी आहे, ११, १२, १३, १४, १५. एकेकाची नोंद करायची आणि झाली की त्याला यादीतून काढायचं. अगदी साधं काम. आपण लिहितो,

फॉर (आय = ०; आय < यादी.साइझ(); आय++) {
    यादी.गेट(आय).पीकनोंदव();
    यादी.रिमूव्ह(आय);
}

कागदावर चालवून बघू. आय शून्य, ११ ची नोंद झाली, ११ गेला. यादी आता १२, १३, १४, १५. आय झाला एक. एक नंबरच्या जागेवर कोण? १३! कारण १२ सरकून शून्यावर आलाय. १३ ची नोंद झाली, तो गेला. उरले १२, १४, १५. आय झाला दोन, त्या जागेवर १५. त्याची नोंद झाली, तो गेला. उरले १२ आणि १४. आय झाला तीन, साइझ दोन. लूप संपला.

पाचपैकी तिघांची नोंद झाली. बारा आणि चौदा यांना कुणी विचारलंच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि खाली आपण मोठ्या हौसेने प्रिंट केलेलं असतं, "सर्व नोंदी पूर्ण"! मेसच्या लाइनीत पुढचा ताट घेऊन गेला की सगळे एक पाऊल पुढे सरकतात. वाढणाराही त्याच वेळी एक पाऊल मागे चालत गेला तर एकाआड एक मुलगा उपाशी राहणारच.

मग फॉर-ईच वापरला तर? जावाचं कलेक्शन आपल्यात किती वेळा भर-घट झाली याचा हिशोब ठेवतं. इटरेटर निघताना तो आकडा टिपून घेतो आणि नेक्स्ट म्हणताना पडताळतो. आकडा जुळला नाही की कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन फेकतो. नावामुळे आपल्याला वाटतं की हे थ्रेडचं प्रकरण आहे. पण एकाच थ्रेडमध्ये, आपल्याच हाताने, लूपच्या आत रिमूव्ह केलं तरी तो येतो. लाल अक्षरं बघून आपण शिव्या घालतो. खरं तर त्याचे आभार मानायला हवेत. कुणीतरी सुटणार आहे, हे तो ओरडून सांगतोय.

पण त्याच्यावरही डोळे मिटून विसंबू नका. जावाचं डॉक्युमेंटेशन स्वतःच सांगतं की हे एक्सेप्शन येईलच याची हमी नाही. एक प्रयोग करा. त्याच पाच गटांच्या ॲरेलिस्टवर फॉर-ईच लावा आणि फक्त १४, म्हणजे शेवटून दुसरा, आला की त्याला लिस्टमधून काढा. चार गट झाले, म्हणजे इटरेटर चार पावलं चालला. काढल्यामुळे साइझही चार झाला. हॅजनेक्स्ट एवढंच बघतो की पावलं आणि साइझ सारखे झाले का. झाले! तो म्हणतो, पुढे कुणी नाही. नेक्स्ट बोलावलाच जात नाही, त्यामुळे पडताळणीही होत नाही. १५ तिथेच उभा आहे, त्याला कुणी विचारलं नाही आणि एक्सेप्शनही आलं नाही. दुसरा कुठलाही काढला असता तर काहीतरी कळलं असतं, फक्त हाच एक असा आहे की चुपचाप शेजाऱ्याला घेऊन बुडतो. शेवटचा गट काढला तर गंमत उलटी होते. पाचही गट बघून झालेले असतात आणि तरी एक्सेप्शन येतं, कारण पावलं पाच आणि साइझ चार.

उपाय अवघड नाहीत. काढायचं काम इटरेटरलाच सांगा. त्याची स्वतःची रिमूव्ह मेथड आहे, ती वापरली की आपण कुठे उभे आहोत ते तो सांभाळतो. त्यासाठी फॉर-ईच सोडून व्हाइल लूप लिहावा लागतो, एवढंच. नुसतं गाळायचं असेल तर २०१४ च्या जावा ८ पासून रिमूव्हइफ आहे, अट सांगा, बाकीचं कलेक्शन बघेल. आयच वापरायचा हट्ट असेल तर शेवटून पुढे या, म्हणजे सरकलेले गट तुमच्या मागे राहतात. किंवा सरळ दोन फेऱ्या करा. पहिलीत सगळ्यांची नोंद, दुसरीत यादी साफ. मला स्वतःला हा शेवटचा मार्ग आवडतो. वाचणाऱ्याला दोन दिवसांनीही कळतो.

तलाठी फिरतो की निरोप फिरतो?

आतापर्यंत फिरणारा बाहेरचा होता. इटरेटर हातात घेऊन आपण एकेकाकडे जात होतो. याला एक्स्टर्नल इटरेशन म्हणतात (व्हायवाच्या एक्स्टर्नलशी संबंध नाही!). दुसरी पद्धत उलटी. कलेक्शनलाच सांगायचं, "हे काम घे आणि तुझ्यातल्या प्रत्येकाकडून करून घे." स्मॉलटॉक या भाषेत हे 'डू' या निरोपाने होतं. जावात ते २०१४ मध्ये फॉरईच मेथड आणि लॅम्डाच्या रूपाने आलं. गाव.फॉरईच(स -> स.पीकनोंदव()). हे इंटर्नल इटरेशन.

आणि बघा, महाराष्ट्राच्या शिवारातही हा बदल झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने शेताशेतात जायच्या ऐवजी शेतकऱ्यानेच मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची नोंद फोटोसकट करायची. पूर्वी एक माणूस सगळ्या ऑब्जेक्टवर फिरायचा, आता सगळ्या ऑब्जेक्टना निरोप जातो आणि जो तो आपली नोंद करतो.

फायदा दिसतोच. एका माणसाच्या पायांवर सगळं अवलंबून नाही, आणि आपल्या शेतात काय आहे हे शेतकऱ्याइतकं कुणाला माहीत? पण इंटर्नल पद्धतीची किंमतही प्रोग्रामरला ओळखीची आहे. क्रम तुमच्या हातात राहत नाही. जावाच्या फॉरईचमध्ये मध्येच ब्रेक मारता येत नाही. आणि निरोप दिला म्हणजे काम झालं असं होत नाही. एखाद्या घरी स्मार्टफोन नाही, कुठे शेतात रेंज नाही, कुणी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलंय. बीड जिल्ह्यात हे कुणाला नव्याने सांगायला नको. असे ऑब्जेक्ट निरोपाला उत्तर देत नाहीत. म्हणूनच शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्यांची नोंद गावपातळीवर करायची दुसरी फेरी ठेवलेली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी इंटर्नल लूप, मग राहिलेल्यांवर एक्स्टर्नल लूप. ही दुसरी फेरी काढून टाकली तर पहिली कितीही आधुनिक असली तरी अर्धवट आहे.

मग लिहायचं कसं?

रेक्टर रात्री हजेरी घेतात तेव्हा शेवटी काय करतात? हजर, रजेवर आणि गैरहजर यांची बेरीज रजिस्टरच्या एकूण आकड्याशी जुळवतात. जुळली नाही तर पुन्हा पहिल्या रूमपासून! आपल्याला त्या वेळी कंटाळा येतो, पण प्रोग्राममध्ये नेमकं हेच राहतं.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला एवढं करून बघा. आयची खरोखर गरज नसेल तर फॉर-ईच वापरा. लूपमध्ये इफची शिडी तिसऱ्या पायरीवर गेली की थांबा आणि मेथड सबक्लासमध्ये हलवा. ज्या कलेक्शनवर चालताय त्यात चालता चालता भर-घट करू नका, करायचीच तर इटरेटरमार्फत करा. आणि लूप सुरू व्हायच्या आधी साइझ एका व्हेरिएबलमध्ये टिपून ठेवा, लूपमध्ये किती जणांपर्यंत पोचलो ते मोजा, शेवटी दोन्ही जुळतात का ते तपासा. जुळले नाहीत तर "सर्व नोंदी पूर्ण" असं छापू नका. किती राहिले आणि कोणते राहिले ते छापा.

टेस्टिंगसाठी हजार गटांची यादी लागत नाही. पाचच घ्या. त्यातला पहिला काढून बघा, शेजारशेजारचे दोन काढून बघा, सगळे काढून बघा आणि शेवटून दुसरा तर नक्की काढून बघा. आज आपल्या लिस्टमध्ये ए, बी, सी, डी असली नावं आहेत. दोन-तीन वर्षांनी आपल्यापैकीच कुणीतरी बँकेचं, विम्याचं नाहीतर एखाद्या सरकारी खात्याचं काम करत असेल, तेव्हा तिथे १२ आणि १४ या नंबरांच्या मागे खरी माणसं असतील आणि आपला लूप त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, हे त्यांना विम्याचे पैसे आले नाहीत तेव्हाच कळेल.